सिमेंट भट्टीतील संचय व अवरोध

सिमेंटचे क्लिंकर (कच्चे मिश्रण उच्च तापमानाला भाजून मिळणारे कठीण गोळे) तयार करणाऱ्या घूर्णी भट्टीत आणि तिला जोडलेल्या पूर्वतापकात कच्च्या मालातील व इंधनातील काही घटकांमुळे भिंतींवर जे चिकट वा कठीण थर साचतात, त्यांना संचय म्हणतात. अशा थरांमुळे किंवा अन्य कारणाने पीठ अथवा वायू यांचा मार्ग अंशतः वा पूर्णतः बंद पडला म्हणजे अवरोध निर्माण झाला असे म्हणतात. अवरोधामुळे भट्टी थांबवावी लागते, उष्णता वाया जाते, भट्टी वारंवार थंड व गरम झाल्याने उच्चतापसह (उच्च तापमानास टिकून राहणाऱ्या) विटांचे अस्तर तडकते आणि अडकलेले तप्त पीठ मोकळे करताना कामगारांच्या जीवाला धोका उत्पन्न होतो. संचय हा वरकरणी साफसफाईचा प्रश्न वाटला, तरी मुळात तो भट्टीत येणाऱ्या व तिच्याबाहेर जाणाऱ्या बाष्पनशील (सहज वाफ होणाऱ्या) द्रव्यांच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे. पोटॅशियम, सोडियम, गंधक व क्लोरीन ही ती चार प्रमुख द्रव्ये होत.

भट्टीची रचना व तापमान : चुनखडक, मृत्तिका आणि अल्प प्रमाणात लोहयुक्त वा बॉक्साइटी द्रव्ये एकत्र दळून जे बारीक कच्चे पीठ बनते, त्याला कारखान्यात ‘रॉ मील’ म्हणतात. आधुनिक शुष्क पद्धतीत हे पीठ एका उंच मनोऱ्यात एकाखाली एक बसविलेल्या चार ते सहा सायक्लोनांमधून (वायूला चक्राकार गती देऊन त्यातील कण वेगळे करणाऱ्या शंक्वाकार पात्रांमधून) खाली येते व भट्टीतून निघालेले तप्त वायू त्याच मार्गाने वर जातात. या मनोऱ्याला पूर्वतापक म्हणतात. सर्वांत वरच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान सु. ३००° ते ३८०° से., तर सर्वांत खालच्या टप्प्यातील पिठाचे तापमान ८००° ते ९००° से. असते. खालच्या भागी जोडलेल्या निस्तापकात (कार्बोनेटांतील कार्बन डाय-ऑक्साइड भाजून काढून टाकणाऱ्या पात्रात) पिठाचे बहुतांश निस्तापन होते. तेथून पीठ किंचित उतरत्या, संथ फिरणाऱ्या भट्टीत शिरते. भट्टीच्या प्रवेशमुखाशी वायूंचे तापमान १,०००° ते १,२००° से. असते, दुसऱ्या टोकाशी ज्वालकाजवळच्या दाहक पट्ट्यात ज्वालेचे तापमान सु. २,०००° से. व द्रव्याचे १,४५०° से. इतके चढते. क्लिंकर तेथेच तयार होते व शीतकात पडते.

घूर्णी भट्टीचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक रॅन्सम यांनी १८८५ मध्ये घेतले. पुढे दीर्घकाळ कच्चा माल पाण्यात कालवून त्याचा राडा लांब भट्टीत सोडण्याची ओली पद्धत प्रचारात होती. तीत एक किग्रॅ. क्लिंकरसाठी १,३०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता लागे. सायक्लोनयुक्त पूर्वतापक १९५० नंतर पश्चिम जर्मनीत व नंतर सर्वत्र आले. १९७० नंतरच्या दशकात जपानी कारखान्यांनी स्वतंत्र निस्तापकाची जोड रूढ केली आणि उष्णतेची गरज ७०० ते ८०० किलोकॅलरींपर्यंत उतरली. मात्र ओल्या पद्धतीच्या भट्टीतून धुळीबरोबर जी बाष्पनशील लवणे बाहेर पडत व बहुधा टाकून दिली जात, ती आता पूर्वतापकातील पिठाने अडवून पुन्हा भट्टीत आणली. उष्णतेची बचत ज्या रचनेने साधली, त्याच रचनेने संचयाचा प्रश्न तीव्र केला.

आवर्तन : कच्च्या पिठाबरोबर व इंधनाबरोबर आलेली अल्कली (सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडे), गंधक व क्लोरीन ही दाहक पट्ट्यात कमीअधिक प्रमाणात वाफ होऊन वायूंबरोबर मागे जातात. भट्टीचे प्रवेशमुख, तेथून वर जाणारी नलिका आणि खालचे सायक्लोन येथे तापमान उतरताच या वाफा पिठाच्या कणांवर व भिंतींवर सांद्रित (द्रवरूप वा घनरूप) होतात. पिठाबरोबर ती द्रव्ये पुन्हा दाहक पट्ट्यात येतात व पुन्हा वाफ होतात. या फेऱ्यांना आवर्तन म्हणतात. नवीन द्रव्य सतत येत असल्यामुळे फिरत्या साठ्याचे प्रमाण वाढत जाते आणि क्लिंकरबरोबर बाहेर पडणारे द्रव्य येणाऱ्या द्रव्याइतके झाले म्हणजेच ही वाढ थांबते.

हा साठा किती वाढेल याचा अंदाज सोप्या गणिताने येतो. एखाद्या द्रव्याचा जो अंश दाहक पट्ट्यात वाफ होतो तो सर्व परत येतो असे मानले, तर फिरता साठा म्हणजे आवक भागिले वाफ न होणारा अंश होय. अर्धाच भाग वाफ होत असेल, तर साठा आवकेच्या दुप्पट राहतो. परंतु ९८ टक्के भाग वाफ होत असेल, तर क्लिंकरबरोबर केवळ २ टक्के बाहेर पडतो व साठा आवकेच्या पन्नासपट होतो. क्लोरिनाची गत नेमकी अशीच आहे. क्लिंकरच्या वजनाच्या मानाने ०·०२ टक्के इतकी क्षुल्लक वाटणारी क्लोरिनाची आवक भट्टीच्या तोंडाशी येणाऱ्या तप्त पिठात १ टक्क्यापर्यंत पोहोचते. कच्च्या मालाच्या रोजच्या विश्लेषणात जे प्रमाण सहज नजरेआड होते, तेच कालांतराने सायक्लोन बंद पाडते.

प्रमुख द्रव्यांचे वर्तन : (१) क्लोरीन : हे मुख्यत्वे पोटॅशियमाशी संयोग पावून पोटॅशियम क्लोराइडाच्या रूपात फिरते. या लवणाचा वितळबिंदू सु. ७७०° से. व सोडियम क्लोराइडाचा सु. ८००° से. आहे, मात्र दोन्ही एकत्र आल्यास मिश्रण सु. ६६०° से. तापमानालाच वितळू शकते. सल्फेटांच्या सान्निध्यातही वितळबिंदू असाच उतरतो. म्हणजे खालच्या सायक्लोनांच्या नेहमीच्या तापमानाला ही लवणे द्रवरूप असतात व पिठाचे कण परस्परांना आणि भिंतीला चिकटवितात.

(२) गंधक : इंधनातील गंधक जळून सल्फर डाय-ऑक्साइड वायू बनतो. ऑक्सिजन पुरेसा असल्यास तो प्रथम अल्कलींशी संयोग पावतो. अशी तयार होणारी अल्कली सल्फेटे तुलनेने कमी बाष्पनशील असल्याने त्यांचा बराच भाग क्लिंकरबरोबर बाहेर पडतो. अल्कली अपुऱ्या पडल्या, तर उरलेला वायू निस्तापित चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम सल्फेट बनते. दाहक पट्ट्यात ते विघटित होऊन वायू पुन्हा मोकळा होतो व आवर्तन वाढते. कच्च्या मालात लोहमाक्षिकाच्या (पायराइटाच्या) रूपात असलेल्या गंधकाचा मार्ग वेगळा आहे. ते वरच्या सायक्लोनांतच सु. ३००° ते ६००° से. तापमानाला जळते व त्याचा बराच भाग धुराड्याकडे जातो; त्यामुळे त्याचा उपद्रव संचयापेक्षा वायुप्रदूषणाच्या स्वरूपात अधिक जाणवतो.

(३) अल्कली : त्या मृत्तिका व फेल्स्पार यांसारख्या सिलिकेट खनिजांतून येतात. पोटॅशियम सोडियमापेक्षा अधिक बाष्पनशील असते. क्लोरीन व गंधक दोन्ही कमी असतील, तर अल्कली कार्बोनेटांच्या रूपात फिरतात किंवा क्लिंकरच्या खनिजांत सामावल्या जातात.

अल्कली व गंधक यांचे प्रमाण रेणूंच्या हिशेबाने तपासतात. सल्फर ट्राय-ऑक्साइडाच्या टक्केवारीला ८० ने, पोटॅशियम ऑक्साइडाच्या टक्केवारीला ९४ ने व सोडियम ऑक्साइडाच्या टक्केवारीला ६२ ने भागतात आणि पहिल्या भागाकाराला उरलेल्या दोहोंच्या बेरजेने भागतात. क्लोरिनाने बांधून ठेवलेल्या अल्कली या बेरजेतून आधी वजा करतात. हे गुणोत्तर सर्वसाधारणपणे ०·८ ते १·२ या मर्यादेत असावे, असा संकेत आहे. ते पुष्कळ अधिक झाल्यास गंधकाचे आवर्तन वाढते, पुष्कळ कमी झाल्यास अल्कलींचे.

संचयाचे प्रकार व स्थाने : सर्वच थर अनिष्ट नसतात. दाहक पट्ट्यातील विटांवर क्लिंकरचा सु. २० सेंमी. जाडीचा थर बसलेला असतो. तो विटांना ज्वालेपासून व घर्षणापासून वाचवितो. तो निसटल्यास भट्टीचे पोलादी कवच तापून लाल होते. कारखान्यात यालाच ‘कोटिंग’ म्हणतात व ते टिकावे अशीच खटपट असते. अनिष्ट संचय पुढील ठिकाणी आढळतात.

भट्टीचे प्रवेशमुख व तेथून वर जाणारी नलिका येथे सल्फेट, क्लोराइड व कार्बोनेट यांनी बांधलेले थर जमतात. ताजे असताना ते मऊ असतात व सळईने सहज पडतात. परंतु तसेच राहिल्यास पुढील विक्रियांनी दगडासारखे होतात. अशा थरांत अजलीय कॅल्शियम सल्फेट, पोटॅशियम सल्फेट आणि स्परराइट (कॅल्शियम सिलिकेट व कॅल्शियम कार्बोनेट यांचे संयुक्त खनिज) आढळतात. क्लोराइडांच्या उपस्थितीत स्परराइट अधिक सहज तयार होते. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढत असल्याने थराला मोठी बळकटी येते.

सायक्लोनाच्या निमुळत्या तळाशी व पीठ खाली सोडणाऱ्या नळीत साचलेले द्रव्य सर्वांत तातडीचा धोका निर्माण करते. येथे चिकटपणाखेरीज यांत्रिक कारणेही असतात, उदा., झडपेचे पाते अडकणे, अस्तराचा तुकडा वा आतील मध्यनलिकेचा गळालेला भाग नळीत पडणे, गळतीवाटे थंड हवा शिरल्याने वितळलेली लवणे जागीच गोठणे.

भट्टीच्या आतील पृष्ठभागावर सर्व बाजूंनी जमणाऱ्या थराला कडे म्हणतात. दाहक पट्ट्याच्या आरंभी द्रवरूप घटकांमुळे क्लिंकरचे कडे, कोळशाची अर्धवट वितळलेली राख चिकटून राखेचे कडे आणि प्रवेशमुखाकडील थंड भागात सल्फेट वा स्परराइटाचे कडे बनते. कड्यामुळे धरणाप्रमाणे मागे पीठ साचते, वायूंचा मार्ग अरुंद होतो व साचलेले पीठ एकाएकी लोंढ्याने दाहक पट्ट्यात येते. शीतकाच्या तोंडाशी क्लिंकरचे चिकट कण पडून उंच ढीग तयार होतो, तोही याच वर्गात मोडतो.

प्रतिबंध : प्रतिबंधाचे उपाय तीन गटांत पडतात : आवक मर्यादित ठेवणे, वाफ होण्याचे प्रमाण घटविणे व साठ्याला बाहेर जाण्याची वाट करून देणे.

आवकेचे नियंत्रण खाणीपासून सुरू होते. चुनखडकाच्या थरांत अल्कली व गंधक सर्वत्र सारखे नसतात. समुद्रकिनाऱ्यालगतच्या चुनखडकात किंवा समुद्री वाळूत मिठामुळे क्लोरीन येते. म्हणून खाणीच्या निरनिराळ्या भागांतील दगड ठरावीक प्रमाणात मिसळतात व दळण्यापूर्वी त्याचे थरांवर थर रचून आडवे काप घेतात. इंधनाचा प्रत्येक साठा गंधक, क्लोरीन व राख यांसाठी तपासतात. बायपासची सोय नसलेल्या भट्टीत क्लोरिनाची एकूण आवक क्लिंकरच्या ०·०२ ते ०·०३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची प्रथा आहे. केवळ आवकेच्या विश्लेषणावर विसंबून न राहता खालच्या सायक्लोनातील तप्त पिठाचा नमुना प्रत्येक पाळीत घेऊन त्यातील क्लोरीन व सल्फर ट्राय-ऑक्साइड मोजतात. क्लोरीन १ ते १·५ टक्क्यांवर किंवा सल्फर ट्राय-ऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास गेल्यास बहुतेक भट्ट्यांत त्रास सुरू होतो. मर्यादा प्रत्येक भट्टीनुसार बदलते. दोन्ही द्रव्ये एकाच वेळी वाढली, तर प्रत्येकाची सह्य मर्यादा खाली येते.

वाफ होण्याचे प्रमाण ज्वलनाच्या पद्धतीवर अवलंबून असते. ऑक्सिजन अपुरा पडून कार्बन मोनॉक्साइड निर्माण झाला, की त्याच्या क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) परिणामाने कॅल्शियम सल्फेट कमी तापमानालाच विघटित होते व गंधकाचे आवर्तन झपाट्याने वाढते. भरड कोळशाचे कण ज्वालेत न जळता द्रव्याच्या थरावर पडल्यास तेथेही असेच घडते. भट्टीतील वायूंत एकंदरीने ऑक्सिजन पुरेसा दिसत असूनही हा दोष लपून राहतो. म्हणून इंधन बारीक दळणे, ते एकसारखे सोडणे, ज्वाला आखूड व स्थिर ठेवणे आणि प्रवेशमुखाशी ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड सतत मोजणे आवश्यक असते. कच्चे मिश्रण भाजण्यास कठीण असेल, उदा., त्यात क्वॉर्ट्झचे भरड कण वा चुन्याचे प्रमाण अधिक असेल, तर ते शिजविण्यासाठी तापमान चढवावे लागते व त्याबरोबर सर्वच द्रव्यांची वाफ वाढते. त्यामुळे पीठ बारीक दळणे व त्याचे रासायनिक प्रमाण स्थिर राखणे हा संचयावरचाही उपाय ठरतो. क्लिंकर गरजेपेक्षा अधिक भाजणे टाळतात.

रचनेतील उपायांत नलिकांना पुरेसा उतार देणे, अंधारे कोपरे व आडवे पृष्ठभाग टाळणे, झडपा व दारे घट्ट ठेवून गळतीची हवा रोखणे यांचा समावेश होतो. प्रवेशमुख व वर जाणारी नलिका येथे सिलिकॉन कार्बाइडयुक्त उच्चतापसह अस्तर वापरतात. वितळलेली लवणे त्यात कमी मुरतात, त्यामुळे थर घट्ट धरत नाही.

बायपास : आवक घटविणे शक्य नसेल, तेव्हा भट्टीच्या प्रवेशमुखातून वायूंचा काही भाग पूर्वतापकात न सोडता बाजूला काढून घेतात. या मार्गाला बायपास म्हणतात. काढलेल्या वायूत लगेच थंड हवा मिसळून तो एकदम निववितात. त्यामुळे लवणे धुळीच्या कणांवर गोठतात व ती धूळ गाळण पिशव्यांमध्ये पकडतात. वर दिलेल्या क्लोरिनाच्या उदाहरणात ५ टक्के वायू बाहेर काढला, तर साठा आवकेच्या पन्नासपटीवरून सु. साडेचौदापट होतो व १० टक्के काढल्यास सु. साडेआठपट होतो. पहिल्या ५ टक्क्यांचा लाभ पुढील ५ टक्क्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो, हे यावरून दिसते. बायपासाची किंमतही मोजावी लागते. काढून घेतलेल्या प्रत्येक टक्का वायूमागे एक टन क्लिंकरसाठी ६ ते १२ मेगाजूल अधिक उष्णता लागते, अंशतः भाजलेले पीठ वाया जाते आणि पोटॅशियम क्लोराइडाने समृद्ध अशा धुळीची विल्हेवाट लावावी लागते. ही धूळ मर्यादित प्रमाणात सिमेंटमध्ये मिसळतात किंवा धुऊन तिच्यातील लवणे परत मिळवितात. गंधक व अल्कली यांच्या बाबतीत बायपास क्लोरिनाइतका परिणामकारक नसतो. भट्टीच्या तोंडाशी त्यांचा वायुरूप अंश कमी असल्याने त्यांच्यासाठी पुष्कळ अधिक वायू काढावा लागतो.

अवरोधाची चाहूल : अवरोध अकस्मात झाल्यासारखा वाटला, तरी त्यापूर्वी खुणा दिसतात. प्रवेशमुखाशी संचय वाढू लागला, की वायू ओढण्यासाठी पंख्याला अधिक जोर लागतो. सायक्लोनाच्या तळाशी दाबमापक बसवितात; तेथील ऋण दाब (वातावरणापेक्षा कमी असणारा दाब) एकाएकी शून्याकडे गेला, तर पीठ साचू लागले असे समजतात. त्याच वेळी पीठ सोडणाऱ्या नळीचे तापमान उतरते. काही ठिकाणी गॅमा किरणांचा उगम एका बाजूस व मापक दुसऱ्या बाजूस ठेवून आत पीठ साचले आहे की नाही हे पाहतात. या सर्व संकेतांना घंटी व दिवा जोडलेला असतो आणि ठरावीक मर्यादेनंतर पिठाचा पुरवठा आपोआप बंद होईल अशी योजना करतात. वेळ किती थोडा असतो, हे पुढील हिशेबावरून कळेल. रोज ३,००० टन क्लिंकर काढणाऱ्या भट्टीला तासाला सु. २०० टन कच्चे पीठ, म्हणजे मिनिटाला तीन टनांहून अधिक लागते. तळ बंद झाल्यावर पुरवठा दहा मिनिटे चालू राहिला, तर तीस टनांहून अधिक पीठ मनोऱ्यात साचू शकते.

निवारण व सुरक्षितता : नित्याच्या सफाईसाठी संचय होणाऱ्या जागी संपीडित (दाबाखालील) हवेच्या टाक्या बसवितात. झडप क्षणार्धात उघडून हवेचा जोरदार झोत आत सुटतो व ताजा थर झटकला जातो. या साधनाला ‘एअर ब्लास्टर’ म्हणतात. खेरीज लांब सळया, उच्च दाबाच्या पाण्याचा झोत आणि द्रवरूप कार्बन डाय-ऑक्साइडाच्या नळकांड्यांचा नियंत्रित स्फोट यांचा उपयोग करतात. भट्टीतील कडे मोडण्यासाठी ज्वालकाची नळी पुढेमागे सरकवून त्या जागेचे तापमान बदलतात. तापमानातील फरकाने कडे तडकते. न तुटल्यास ज्वालकाच्या बाजूने खास औद्योगिक बंदुकीने शिशाच्या वा जस्ताच्या गोळ्या झाडून ते फोडतात.

पूर्ण बंद झालेला सायक्लोन मोकळा करणे हे सिमेंट कारखान्यातील अत्यंत धोक्याच्या कामांपैकी एक आहे. ८००° ते ९००° से. तापमानाचे बारीक पीठ हवा धरून ठेवते. त्यामुळे आतला बांध फुटताच ते घन द्रव्याप्रमाणे न ढासळता पाण्यासारखे वाहते व उघड्या दारातून, फटीतून किंवा खालच्या मजल्यावर लोंढ्याने बाहेर येते. त्याच्या मार्गात सापडलेला माणूस गंभीर रीत्या भाजतो. याच कारणाने पुढील दंडक पाळतात. पिठाचा व इंधनाचा पुरवठा प्रथम बंद करतात व वायू ओढणारा पंखा चालू ठेवून आत ऋण दाब राखतात. एअर ब्लास्टर बंद करून त्यांच्या टाक्यांतील हवा सोडून देतात व ते चुकून सुरू होऊ नयेत म्हणून कुलूप लावतात. मनोऱ्याच्या खालील भागातून, भट्टीच्या प्रवेशमुखापासून व शीतकाजवळून सर्व माणसे दूर नेतात. एका वेळी एकच दार उघडतात आणि काम खालच्या टोकापासून वर करीत नेतात. काम करणारा दाराच्या समोर न राहता बाजूला उभा राहतो व त्याची परत फिरण्याची वाट मोकळी ठेवतात. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला उष्णतारोधक पोशाख, तोंडावरील आवरण, हातमोजे व बूट पूर्ण घातल्याखेरीज कोणासही जवळ जाऊ देत नाहीत. पाण्याचा झोत वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते. साचलेल्या तप्त पिठात पाणी कोंडले गेल्यास त्याची क्षणात वाफ होऊन स्फोटासारखा उद्रेक होतो. उत्पादन लवकर सुरू करण्याच्या घाईत यांपैकी एखादा दंडक गाळणे हेच अपघातांचे प्रमुख कारण ठरते.

इंधनबदल व भारतातील परिस्थिती : भारतातील गोंडवनी कोळशात गंधक सामान्यतः कमी, पण राख ३० ते ४० टक्के असते. त्यामुळे येथील भट्ट्यांत राखेची कडी हा जुना परिचित त्रास होता. राखेचे प्रमाण बदलले की क्लिंकरचे रासायनिक प्रमाणही बदलते, म्हणून कोळशाचे मिश्रण व कच्च्या पिठाचे प्रमाण यांची सांगड घालावी लागते. महाराष्ट्रातील सिमेंट उद्योग मुख्यत्वे चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील चुनखडकावर उभा असून वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या खाणी त्याला जवळ आहेत.

खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या पेट्रोलियम कोकचा वापर वाढल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. या कोकमध्ये राख नगण्य व उष्णता पुष्कळ, परंतु गंधक ५ ते ७ टक्के असू शकते. एक किग्रॅ. क्लिंकरसाठी ७५० किलोकॅलरी लागतात व कोकचे उष्णतामूल्य किग्रॅ.ला ८,००० किलोकॅलरी आहे असे धरल्यास सु. ९४ ग्रॅ. कोक लागतो. त्यात ६ टक्के गंधक असेल, तर क्लिंकरच्या १·४ टक्के इतका सल्फर ट्राय-ऑक्साइड भट्टीत येतो. क्लिंकरमध्ये पोटॅशियम ऑक्साइड ०·६ टक्के व सोडियम ऑक्साइड ०·२ टक्के असेल, तर या अल्कली जेमतेम ०·७७ टक्के सल्फर ट्राय-ऑक्साइड बांधू शकतात. जवळजवळ तितकाच भाग कॅल्शियम सल्फेटाच्या रूपात फिरत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरयाणा व राजस्थान या राज्यांत पेट्रोलियम कोकच्या वापरास बंदी घातली. डिसेंबर २०१७ मध्ये सिमेंट उद्योगाला तीतून सूट मिळाली. भट्टीतील चुना गंधक शोषून घेतो, हा या सवलतीमागील तांत्रिक आधार होता. तो योग्यच आहे. मात्र जे गंधक हवेत जात नाही, ते क्लिंकरबरोबर बाहेर पडेपर्यंत भट्टीतच राहते आणि ते सुरळीत बाहेर पडावे यासाठी ज्वलनाची शिस्त अधिक कडक ठेवावी लागते.

शहरी कचऱ्यापासून केलेल्या इंधनाबाबत हाच प्रश्न क्लोरिनाच्या रूपाने उभा राहतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे इंधन बनविणाऱ्या केंद्रापासून १०० किमी.च्या आतील उद्योगांनी आपल्या इंधनाचा किमान ५ टक्के भाग त्यातून भागवावा, अशी तरतूद केली. भट्टीचे उच्च तापमान व वायूंचा तेथील दीर्घ मुक्काम यांमुळे कचऱ्याचे ज्वलन पूर्ण होते आणि राख क्लिंकरमध्ये सामावते, हे या पद्धतीचे मोठे गुण आहेत. परंतु उष्णतेचा १० टक्के भाग किग्रॅ.ला ३,५०० किलोकॅलरी देणाऱ्या व ०·८ टक्के क्लोरीन असलेल्या इंधनातून घेतला, तर एवढ्यानेच क्लिंकरच्या ०·०१७ टक्के क्लोरीन भट्टीत येते. म्हणजे एकूण सह्य मर्यादेचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापला जातो. शुद्ध पॉलिव्हिनिल क्लोराइडात वजनाने सु. ५७ टक्के क्लोरीन असते. एक टन क्लिंकरमागे या प्लॅस्टिकचे एक किग्रॅ. जरी इंधनात मिसळले गेले, तरी ०·०५७ टक्के क्लोरीन येऊन मर्यादा ओलांडली जाते. नळांचे तुकडे, विजेच्या तारांची वेष्टने, कृत्रिम चामडे अशा वस्तू कचऱ्यातून आधी वेगळ्या काढणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. जपानमध्ये इचिहारा येथे २००१ मध्ये कचरा जाळून उरलेल्या राखेपासून सिमेंट बनविणारा कारखाना सुरू झाला. तेथे क्लोरिनाची आवक मोठी असणार हे गृहीत धरूनच ते वायूंबरोबर बाहेर काढून धुळीत पकडण्याची व्यवस्था मूळ आराखड्यात केलेली आहे.

घराघरांतून ओला व सुका कचरा किती काळजीपूर्वक वेगळा केला जातो, यावर शेकडो किमी. दूरच्या भट्टीतील सायक्लोन मोकळा राहणे आणि तेथील कामगाराला तप्त पिठासमोर उभे राहण्याची वेळ न येणे, या दोन्ही गोष्टी काही अंशी अवलंबून आहेत. पर्यायी इंधनाचे प्रमाण वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक कारखान्याला बाष्पनशील द्रव्यांचा जमाखर्च आधी मांडून, आवश्यक तेथे बायपासची तरतूद करूनच पुढे जावे लागते.